व्हिटॅमिन डी ८ आलंय. उन्हात बसले असते तर एमएस झाला नसता का?

माणदेशी_लेक

नमस्कार मंडळी. बरेच महिने एमएसवाल्यांच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदूतल्या नसांवरचं वेष्टण शरीरच खराब करतं तो आजार) या गटात नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या, शिकवणाऱ्या बाईला थोडक्यात सांगता येत नाही.

वय ३४. साताऱ्यात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, माहेर माण तालुक्यातलं. गेल्या नोव्हेंबरात सहामाहीचे पेपर तपासत असताना उजवा डोळा दुखायला लागला. बुबुळ फिरवलं की आत कळ. दोन दिवसांनी लक्षात आलं की माझीच लाल शाई त्या डोळ्याला लाल दिसत नाहीये. डावा डोळा झाकला की बरोबरच्या खुणा, चुकीच्या फुल्या, सगळं शंभरदा धुतलेल्या पातळाच्या काठासारखं विटकं. नंबर वाढला असेल म्हणून चष्म्याच्या दुकानात गेले. तिथल्या पोराने मशीनवर बघितलं आणि म्हणाला, मॅडम, हे काचेचं काम नाही, डॉक्टरांना दाखवा. त्या पोराचे उपकार आहेत.

पुढचं तुम्हाला पाठच असेल. डोळ्याच्या नसेला सूज, पुण्याला एमआरआय, पाठीतून पाणी काढणं, पाच दिवस स्टिरॉइडचं सलाईन. एनएमओ आणि मॉग या एमएससारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या आजारांच्या तपासण्या निगेटिव्ह. मेंदूत काही डाग ताजे, काही जुने. निदान एमएस. जानेवारीपासून सकाळ-संध्याकाळ एमएसची कॅप्सूल चालू आहे. घेतली की अर्ध्या तासात तोंड असं लालबुंद होतं की वर्गातली पोरं विचारतात, बाई, चिडलाय का?

त्याच रिपोर्टांच्या गठ्ठ्यात व्हिटॅमिन डी होतं. ८. बाजूला छापलेलं, ३० च्या वर हवं. डॉक्टरांनी आठ आठवडे दर रविवारी साठ हजार युनिटची पुडी दिली, दुधात ढवळून प्यायची. विषय तिथे संपायला हवा होता.

पण आईने तो ८ चा आकडा धरून ठेवलाय. "सगळ्या पोरी खुरपायला जायच्या, ही आपली माडीवर पुस्तक घेऊन. सावलीत वाढलेलं रोप असंच व्हायचं." सासूबाई तोंडाने काही म्हणत नाहीत, पण दुपारी खिडकीचा पडदा ओढायला गेले की "राहू दे गं उघडा" म्हणतात, तेही तेच बोलणं. दिरांनी व्हिडिओ पाठवलाय. त्यात म्हणे ब्राझीलमध्ये रोज चाळीस-पन्नास हजार युनिट डी देऊन एमएस बंद करतात, बाकी औषध लागतच नाही.

फेब्रुवारीअखेर आई राहायला आली आणि गच्चीवर चटई पडली. रोज अकरा ते बारा, पाठ उन्हाकडे. मीही बसले, म्हटलं तिचं समाधान. तिसऱ्या दिवशी अर्ध्या तासाने समोरची पाण्याची टाकी पुसट झाली. उजव्या डोळ्यापुढे कोणी बटर पेपर धरावा तसं. माझे हातपाय गळाले. पुन्हा एमएसचा अॅटॅक आला असंच वाटलं. खाली येऊन तोंडावर गार पाणी मारलं, पंख्याखाली पडून राहिले, पाऊण तासात डोळा पूर्ववत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आई म्हणते, डोळ्यातला दोष बाहेर पडतोय, बसत राहा. डॉक्टरांची तारीख तीन आठवड्यांनी.

मला जे कळत नाही ते असं. शाळेत माझ्यामुळे घाबरून चौघींनी डी तपासलं. ११, १४, ९ आणि १९ आलं. चौघी ठणठणीत. मग मलाच का? आणि माझी चुलत बहीण स्कॉटलंडमध्ये अॅबर्डीनला असते, तिथे म्हणे सूर्य दिसत नाही, तिचं डी ४५! मग ती उन्हाची गोष्ट कुठे राहिली? की खरंच मी उन्हात वाढले असते तर हे टळलं असतं? आता डी भरून काढलं तर आजार थांबेल का? नीट माहिती असलेल्यांनी सांगा. धीर देणारे घरात पुष्कळ आहेत.

---

ठाणेकर_जुना

बाई, आधी ती चटई गुंडाळा.

मला १७ वर्षं झाली एमएस होऊन. तुमच्या डोळ्याला गच्चीवर जे झालं त्याला उथॉफ म्हणतात, १८९० मध्ये त्या नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरने लिहून ठेवलंय. नसेवरचं वेष्टण एकदा खराब झालं की अंग थोडं तापलं तरी तिथून संदेश नीट जात नाही. गार झालं की परत जातो. नवीन इजा होत नाही, दोषबिष बाहेर पडत नाही. मला कढत पाण्याने आंघोळ केली की डावा पाय ओढावा लागायचा. आता बारा महिने कोमट पाणी, आणि मे महिन्यात लोकलमध्ये मानेला ओला पंचा. लोक बघतात, बघू देत.

लक्षात ठेवायचं एवढंच की नवीन लक्षण सलग २४ तासांच्या वर टिकलं आणि ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन वगैरे काही नसेल, तर तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा. पाऊण तासात गेलं ते वहीत लिहून ठेवा आणि तारखेला दाखवा.

कॅप्सूल सोडू नका. जेवणाच्या मध्ये घेतली तर तोंड कमी लाल होतं. डीचं शास्त्र मला नीट मांडता येणार नाही, आकडेमोड ताई येतील तर बरं.

---

सूर्योपासक

ताई, निसर्गाने फुकट दिलेलं औषध सोडून कॅप्सूल कशाला? सकाळचं कोवळं ऊन रोज ४५ मिनिटं, तेही सातच्या आत. माझ्या आत्याचे गुडघे तीन महिन्यांत बरे झाले. कंपन्यांना तुम्ही बऱ्या व्हायला नको आहात.

---

आकडेमोड

ठाणेकरांनी हाक मारली म्हणून आले. मी डॉक्टर नाही, साथरोगांच्या अभ्यासातली आकडेवारी बघणं हे माझं काम. काही वर्षं स्कॉटलंडमध्ये होते, आता पुण्यात.

सूर्योपासकांचं आधी उरकते. कोवळ्या उन्हात डी जवळपास बनत नाही. त्वचेत डी तयार करतात ते अतिनील ब किरण, आणि सूर्य खाली असला की ते हवेच्या जाड थरात अडकतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन डीच्या कामाचं. काचेतून ते येत नाहीत, म्हणजे सासूबाईंचा पडदा उघडा असो की बंद, डीच्या हिशेबात फरक शून्य. आत्याच्या गुडघ्यांबद्दल आनंद आहे.

आता बहिणीचे ४५. ते आकडे तुलनेचेच नाहीत. ब्रिटनमध्ये नॅनोमोल प्रति लिटर लिहितात, आपल्याकडे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. त्यांच्या आकड्याला अडीचने भागायचं. ४५ म्हणजे आपले १८. तिकडे ५० च्या वर पुरेसं मानतात, म्हणजे तीही काठाच्या खालीच आहे. तिला सांगा, ऑक्टोबर ते मार्च रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, घ्यायचा तिथला सरकारी सल्ला आहे. आम्ही घरात मिठाच्या डब्याशेजारीच बाटली ठेवायचो.

मूळ प्रश्न. डी आणि एमएस यांचा संबंध आहे का? आहे. पण तुमच्या आई म्हणतात तसा नाही.

विषुववृत्तापासून जितकं लांब तितका एमएस जास्त, हे फार जुनं निरीक्षण. तुमची बहीण राहते त्या अॅबर्डीन शहरात २०१२ च्या पाहणीत लाखात २२९ रुग्ण मिळाले, आणखी उत्तरेच्या ऑर्कनी बेटांवर ४०२. मंगळूरच्या पाहणीत लाखात ८ च्या आसपास. एवढं बघून कोणीही म्हणेल, ऊनच. पण त्याच ऑर्कनीतल्या लोकांचं डी मोजलं तेव्हा ते मुख्य भूमीवरच्या स्कॉटिश लोकांपेक्षा कमी नव्हतं. आणि आपल्या मुंबईचंच बघा. तिथल्या पारशी समाजाची पाहणी १९८८ मध्ये छापून आली, लाखात २१, म्हणजे तेव्हाच्या इतर भारतीयांच्या अंदाजापेक्षा बरंच जास्त. ऊन तर दादर-ग्रँट रोडला सगळ्यांच्या डोक्यावर एकच पडतं. म्हणजे वंशातून आलेली जनुकंही यात आहेत.

दुसरी अडचण तुम्ही स्वतःच लिहिली आहे, पण तुमच्या ती लक्षात आली नसावी. उन्हात गेलं की डोळा धुरकटतो, म्हणून एमएसवाला माणूस घरात बसतो, म्हणून त्याचं डी उतरतं. मग आजारी माणसाचं रक्त तपासून "डी कमी म्हणून आजार" कसं म्हणायचं? गाडी आधी की बैल, ते त्या तपासणीतून कळतच नाही. तुमचं ८ नोव्हेंबरातलं आहे, आणि मेंदूत काही डाग जुने होते असं तुम्हीच लिहिलंय.

म्हणून २००६ चा अमेरिकी सैन्यातला अभ्यास मोलाचा. तिथे सत्तर लाखांहून जास्त लोकांचं रक्त गोठवून ठेवलेलं असतं. पुढे ज्यांना एमएस झाला अशा २५७ जणांचं, आजाराआधी काढलेलं रक्त बाहेर काढून डी मोजलं. गोऱ्यांमध्ये ज्यांचं डी सगळ्यात वरच्या पाचव्या हिश्शात होतं, त्यांना धोका सगळ्यात खालच्या हिश्शापेक्षा ६२ टक्के कमी. काळ्या सैनिकांत मात्र असा संबंध दिसला नाही. संख्या कमी होती हे खरं, पण सावळ्या कातडीच्या आपण लोकांनी हे वाक्य गाळून पुढे जाऊ नये. नंतर २०१५ मध्ये जनुकांच्या बाजूने तपासलं. काहींच्या जनुकांमुळेच डी जन्मभर थोडं कमी राहतं, त्यात त्यांच्या सवयींचा हात नसतो. अशांमध्येही एमएस जास्त निघाला. तेव्हा कमी डी हा धोक्याचा एक खरा धागा आहे, हे मी मानते.

पण दोरखंड एका धाग्याचा नसतो. २०२२ मध्ये त्याच सैन्यातल्या एक कोटी लोकांच्या नोंदींवरून कळलं की एपस्टीन-बार विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट होतो. डीच्या कुठल्याही आकड्यापेक्षा हा आकडा मोठा. आणि हा विषाणू तर बहुतेक सगळ्यांनाच कधी ना कधी होतो! शिवाय प्रतिकारशक्तीशी संबंधित विशिष्ट एचएलए जनुक, सिगारेट, किशोरवयातला लठ्ठपणा. तुमच्या शाळेतल्या चौघींचं उत्तर यातच आहे. भारतात ८, ९, ११ असलेल्या बायका कोट्यवधी आहेत. डी कमी असण्याने एमएस होत असता तर तुमच्या शिक्षकखोलीत पाच जणी कॅप्सूल घेत असत्या.

आता भरून काढल्याने आजार थांबतो का? इथे निकाल बराच रडका आहे. २०२३ च्या अमेरिकी चाचणीत नेहमीच्या इंजेक्शनसोबत एका गटाला रोज ५००० आणि दुसऱ्याला ६०० युनिट दिले, अॅटॅकमध्ये फरक नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये पहिलाच झटका आलेल्यांना १०००, ५००० आणि १०००० देऊन पाहिलं, बिनडीच्या गोळीपेक्षा सरस काही नाही. मग २०२५ मध्ये फ्रान्सची चाचणी आली आणि आम्ही सगळे खुर्चीत सरसावून बसलो. नुकतीच सुरुवात झालेले ३१६ रुग्ण, दर पंधरा दिवसांनी एक लाख युनिट, दोन वर्षं. आजाराची हालचाल दिसली ती डीच्या गटात ६० टक्क्यांत, बिनडीच्या गटात ७४ टक्क्यांत. फरक खरा आहे, पण तो मुख्यतः एमआरआयवरच्या डागांत. प्रत्यक्ष अॅटॅकमधला फरक ठामपणे मोजण्याइतका नव्हता. आणि उलटं वाचा: डी घेऊनही शंभरातल्या ६० जणांचा आजार हलला. त्यांना दुसरं औषध नव्हतं. तुम्हाला आहे, आणि डी त्याच्या जागी बसू शकत नाही.

मग पुडी कशाला? हाडांसाठी. स्टिरॉइडची सलाइनं पुढेही लागू शकतात, तोल गेला तर पडणं आलं, आणि ८ म्हणजे खरोखर कमी. तेवढ्यासाठी ती पुरेशी कामाची आहे.

माडीवरच्या पुस्तकाबद्दल एवढंच म्हणेन की या सगळ्या आकड्यांतून एका माणसाबद्दल "असं केलं असतं तर टळलं असतं" हे काढता येत नाही. मी रोज हेच करते, तरी मला ते काढता येणार नाही, तुमच्या आईंना तर नाहीच नाही.

---

बार्शीचा_दादा

दिरांच्या व्हिडिओवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

माझ्या धाकट्या भावाला एमएस आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला साठ हजारच्या गोळ्या दिल्या. चिठ्ठीवर आठवड्यातून एकदा असं इंग्रजीत गिचमिड लिहिलेलं, औषधाच्या दुकानात पाकिटावर नुसता "१" खरडला. आम्ही रोज एक देत गेलो. संपल्या की तीच चिठ्ठी दाखवून पुन्हा आणायच्या, कोणी हटकलं नाही. घरातले खूश, औषध नेमाने चाललंय म्हणून. त्या गोळ्या मीच देत होतो, सकाळच्या दुधासोबत, स्वतःच्या हाताने.

दोनेक महिन्यांनी त्याला शौचाला होईना. तहान तर अशी की तांब्या उशाशी ठेवायचा आणि रात्री चार वेळा उठायचा. मग जेवण तुटलं, उलट्या, पाय लटपटायला लागले. आम्हाला वाटलं एमएसच वाढला. स्टिरॉइड द्यायला म्हणून भरती केलं. तिथल्या एका शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी घरातली सगळी औषधं मागवली आणि पाकिटं मोजायला बसल्या. मोजून झाल्यावर माझ्याकडे बघितलं, बोलल्या काही नाहीत, लगेच कॅल्शियम तपासायला रक्त पाठवलं. १३.८ निघालं. साडेदहाच्या आत असतं ते. क्रिएटिनिनही चढलेलं, म्हणजे मूत्रपिंडावर ताण. सहा दिवस सलाईन, दूध बंद, कॅल्शियमची गोळी बंद.

वाईट हे की डी चरबीत साठतं. गोळी थांबवली तरी आठवडेच्या आठवडे उतरत नाही. पुढचे तीन महिने दर पंधरा दिवसांनी रक्त द्यायला त्याला मोटरसायकलवर नेत होतो.

आता तो व्हिडिओतला प्रकार. त्याला कोइम्ब्रा प्रोटोकॉल म्हणतात, ब्राझीलमध्येच निघालेला. त्यात रोज काही हजारांपासून लाखाच्या घरात युनिट देतात, आणि मूत्रपिंड वाचावं म्हणून दूधदुभतं जवळजवळ बंद, रोज अडीच लिटर पाणी, सारख्या रक्त-लघवीच्या तपासण्या. व्हिडिओत हे शेवटच्या मिनिटाला असतं, तिथपर्यंत कोणी बघत नाही. मोठ्यांना स्वतःच्या मनाने घ्यायची वरची मर्यादा रोज ४००० धरतात. दर आठवड्याला साठ हजार हे त्याच्यापेक्षा जास्तच आहे, म्हणून ते मोजून आठच आठवडे आणि डॉक्टरांच्या नजरेखाली.

बाई, पुडीच्या डब्यावर मोठ्या अक्षरात "रविवार" लिहा. आम्ही आता कॅलेंडरवर गोल करतो, घेतली की फुली.

---

माणदेशी_लेक

सगळ्यांचे आभार. दादा, तुमचं वाचून उठले आणि पहिल्यांदा पुड्या मोजल्या. आठातल्या सहा संपल्यात, हिशेब बरोबर आहे. डब्यावर रविवार लिहिलंय, लाल शाईने. अजून फिकीच दिसते उजव्या डोळ्याला, पण वाचता येते.

दिरांना तुमचा मजकूर पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

आकडेमोड ताई, शिक्षकखोलीचं वाक्य मी चौघींना वाचून दाखवलं. ११ वाली हसली, ९ वाली म्हणाली, म्हणजे पुडी मलाही घ्यायला हवी ना? तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवलंय. बहिणीलाही अडीचचा भागाकार कळवला. तिला तो फारसा आवडला नाही.

आईला सांगणं अवघड गेलं. पारशी, सैनिक, विषाणू असलं काही तिच्यापुढे चाललं नाही. शेवटी उथॉफचं सांगितलं, की तापलेल्या वायरीतून करंट नीट जात नाही तसं आहे हे, आणि मला बारा वाजता गच्चीवर बसवणं म्हणजे तेच. विहिरीवरच्या मोटारीची वायर तिने आयुष्यभर सांभाळलीय, ते तिला पटलं. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुला माडीवर मीच धाडायची गं. म्हणायचे, ही तरी शिकू दे." इतके दिवस ती मला नव्हे, स्वतःलाच बोलत होती, हे मला तेव्हा कळलं.

चटई तिने गुंडाळली नाही. चैत्र लागलाय, त्यावर कुरडया घातल्यात. मी सहानंतर वर जाते, त्या उलटवायला.